कंट्री संगीताचे कूळ आणि मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत गेली काही वर्षे एका संगीतप्रकाराच्या कुळावरून जो वाद चालू आहे तो पाहता हा सल्ला तिकडे कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. आणि घेतला नाही हे एका परीने बरेच झाले. मार्च २०१९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या तेथील संगीत-व्यवसायाच्या प्रमुख नियतकालिकाने लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुण गायकाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे आपल्या ‘कंट्री’ गीतांच्या यादीतून काढून टाकले. आजच्या कंट्री संगीताची लक्षणे त्यात पुरेशी आढळत नाहीत, असे कारण देण्यात आले. गाण्यात घोडा होता, टोपी होती, बँजोचे सूर होते. आणखी कोणती लक्षणे हवी होती हे सामान्य श्रोत्यास उमगले नाही. पुढे बिली रे सायरस या प्रस्थापित गोऱ्या कंट्री गायकाने त्यात आपला आवाज मिसळला आणि ते गाणे सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत सलग १९ आठवडे अग्रस्थानी राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बियॉन्से या गायिकेचे ‘टेक्सस होल्ड एम’ हे गीत त्याच कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर आले. कृष्णवर्णीय स्त्रीस हा मान प्रथमच मिळत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या ‘काउबॉय कार्टर’ या संग्रहास वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचा आणि सर्वोत्कृष्ट कंट्री संग्रहाचा असे ग्रॅमीचे दोन्ही पुरस्कार मिळाले, तेव्हा परक्या बाईने आमच्या घरात पाऊल ठेवले, असा सूर अनेकांनी लावला. घर कोणाचे, त्याचा पाया कोणी खणला आणि आतल्या भिंती कोणी घातल्या, हे पाहणे मग क्रमप्राप्तच ठरते.

ज्यांना हे संगीत परिचित नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण जीवनातून हा प्रकार उदयास आला. फिडल, म्हणजे आपण ज्यास व्हायोलिन म्हणतो तेच वाद्य, त्याच्या जोडीला बँजो व गिटार, आणि विलापासारखा लांबत जाणारा स्टील गिटारचा स्वर, ही त्याची ओळख. शेत, आई, आगगाडी, देव, दारू, तुरुंग आणि सोडून गेलेली प्रिया हे त्याचे विषय. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल ही त्याची राजधानी. डोंगराळ भागातील गरीब गोऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या इंग्लिश-स्कॉटिश पूर्वजांकडून जसेच्या तसे जतन केलेले शुद्ध संगीत, अशी त्याची प्रतिमा गेल्या शतकात रूढ झाली. आणि ‘खऱ्या’ अमेरिकेचा अभिमान सांगणाऱ्या राजकारण्यांना तीच सोयीची वाटत आली आहे.

या प्रतिमेस विद्वत्तेचे पाठबळही लाभले. इंग्लंडमधील लोकगीतांचे थोर संग्राहक सेसिल शार्प यांनी १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलेस या आपल्या सहकारी बाईंसह ॲपलाचियन डोंगरांतील खेडी पालथी घातली. प्रकृती खालावलेली असताना त्यांनी सोळाशेंच्या वर चाली टिपून घेतल्या. त्यांच्या परिश्रमांविषयी आदरच वाटला पाहिजे. परंतु शार्प तेथे गेले ते इंग्लंड शोधण्यासाठी, आणि माणूस जे शोधावयास जातो तेच त्यास बहुधा सापडते. त्याच डोंगरांत राहणारे कृष्णवर्णीय, त्यांची भजने, त्यांचे बँजो, यांकडे त्यांचे लक्ष गेले नाही. मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांचा हेतू तर इतकाही निरागस नव्हता. जाझ संगीतामागे त्यांना ज्यूंचे कारस्थान दिसत होते. त्यावर उतारा म्हणून १९२०च्या दशकात त्यांनी जुन्या फिडलवादनास आणि स्क्वेअर डान्सला सढळ हाताने उत्तेजन दिले. गंमत अशी की, नाचणाऱ्या जोड्यांना पुढची चाल मोठ्याने ओरडून सांगण्याची जी पद्धत या नाचाचा आत्मा समजली जाते, ती कृष्णवर्णीय वादकांमुळे रुजली, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. फोर्डसाहेबांनी ज्या औषधाची शिफारस केली होती त्यातही तोच ‘दोष’ मिसळलेला होता.

शार्प यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे मात्र नव्हे. अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून हजारो स्कॉटिश वंशाची कुटुंबे अमेरिकेत आली आणि पेनसिल्व्हेनियातून दक्षिणेकडील दऱ्याखोऱ्यांत उतरली. त्यांच्याबरोबर फिडल आले, नृत्याच्या द्रुत चाली आल्या, ‘बार्बरा ॲलन’सारखी जुनी कथागीते आली. जर्मन वसाहतवाल्यांनी आणलेल्या एका लांबट तंतुवाद्यापासून डोंगरातील डल्सिमर घडले. परंतु दक्षिणेतील मळ्यांवर आणि गावांत नृत्याच्या रात्री फिडल वाजविण्याचे काम शतकभराहून अधिक काळ मुख्यतः गुलामांकडेच असे. सॉलोमन नॉर्थप या स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थास १८४१ मध्ये फसवून पळविण्यात आले आणि बारा वर्षे लुइझियानात गुलाम म्हणून राबविण्यात आले. त्याने १८५३ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात आपल्या फिडलविषयी जे सांगितले आहे ते वाचनीय आहे. त्या एका वाद्याने त्यास कधी श्रमांपासून क्षणाची सुटका दिली, तर कधी दिवसभर कापूस वेचून मोडून पडलेल्या सोबत्यांना मालकाच्या लहरीखातर रात्री नाचावे लागे तेव्हा त्यासच ते वाजवावे लागले. युरोपातून आलेली चाल आफ्रिकेच्या हातांनी वाजविली जात होती, तिची लय त्या हातांत बदलत होती. आणि ऐकणारा गोरा शेतकरी ती बदललेली लय घेऊन घरी जात होता. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही आपली म्हण येथे शब्दशः लागू पडते. फक्त हा गुण वाईट नव्हता आणि दावणही दोघांनी आपखुशीने पत्करलेली नव्हती.

बँजोची कथा याहून बोलकी आहे. आपल्याकडे मुंबईच्या मिरवणुकांत ‘बँजो पार्टी’ म्हणून जे वाजते ते वाद्य वेगळे. ते बुलबुलतरंगाच्या घराण्यातले, म्हणजे मुळात जपानी ताइशोगोतोचे वंशज आहे. अमेरिकन बँजोचे तोंड वाटोळे असते, त्यावर ढोलकीसारखे कातडे ताणलेले असते आणि लांब दांड्यावरून तारा गेलेल्या असतात. पश्चिम आफ्रिकेत भोपळ्यावर कातडे मढवून केलेली अशी तंतुवाद्ये अनेक आहेत. गाम्बिया-सेनेगल भागातील जोला लोकांचे अकाँटिंग हे त्यांतील एक. नखाने लांब तार खाली मारायची आणि अंगठ्याने आखूड तार मधूनमधून त्याच स्वरावर छेडत राहायची, ही अकाँटिंग वाजविण्याची रीत आणि ॲपलाचियन डोंगरातील जुनी बँजोची रीत यांतील साम्य गाम्बियाचे अभ्यासक डॅनियल जाट्टा यांनी अलीकडच्या काळात जगापुढे मांडले. गुलामांच्या जहाजांतून ही विद्या कॅरिबियन बेटांवर व तेथून अमेरिकेत पोहोचली. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांचे बंड झाल्यावर पुढील वर्षी कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली; ढोलांनी दूरवर संदेश जातो हे मालकांच्या ध्यानी आले होते. तारा मात्र राहिल्या. टॉमस जेफरसन यांनी १७८०च्या दशकात व्हर्जिनियाविषयी लिहिलेल्या ग्रंथात हे वाद्य कृष्णवर्णीयांचे खास वाद्य असून त्यांनी ते आफ्रिकेतून आणले, असे नमूद करून ठेवले आहे. अमेरिकेचे जे पुढे तिसरे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचीच ही साक्ष असल्याने ती नाकारण्याची सोय नाही.

असे असता हेच वाद्य गोऱ्या डोंगरी माणसाचे बोधचिन्ह कसे बनले? याचे उत्तर सुखद नाही. १८४० नंतर गोरे नट तोंडाला काजळी फासून, गुलामांच्या बोलण्या-चालण्याची टवाळी करीत, बँजो वाजवीत रंगभूमीवर येऊ लागले. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार जणांच्या अशा एका चमूने मोठी खळबळ उडविली आणि पुढे अर्धशतकभर हा तमाशा अमेरिकेचे सर्वांत लोकप्रिय करमणुकीचे साधन होऊन बसला. बँजो कारखान्यांत तयार होऊ लागला, गावोगाव पोहोचला. ज्यांचे ते वाद्य होते त्यांच्या पुढच्या पिढ्यांना मात्र त्याला चिकटलेल्या टवाळीची शिसारी येऊ लागली आणि अनेकांनी ते खाली ठेवले. वारसा हिरावून घेण्याचे अनेक मार्ग असतात. मालकाला स्वतःच्या वस्तूची लाज वाटेल अशी व्यवस्था करणे हा त्यांतील बहुधा सर्वांत परिणामकारक म्हटला पाहिजे.

स्टील गिटारचे मूळ शोधण्यास तर थेट प्रशांत महासागरात जावे लागते. १८३०च्या दशकात हवाई बेटांच्या राजाने गुरे वळण्यासाठी मेक्सिकोतून व्हाकेरो, म्हणजे घोडेस्वार गुराखी, बोलावले. त्यांच्याबरोबर गिटार तेथे गेली. पुढे त्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाईयन विद्यार्थ्याने ती मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी तुकडा सरकविण्याची पद्धत बसविली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर या स्वराने साऱ्या अमेरिकेला वेड लावले. आज ज्या आर्त स्वरावरून कंट्री गाणे डोळे मिटूनही ओळखता येते तो स्वर असा हवाईचा आहे. तोच स्वर ताऊ मो यांच्यासारख्या हवाईयन कलावंतांबरोबर १९४०च्या दशकात कलकत्त्यासही येऊन राहिला. ‘हवाईयन गिटार’ या नावाने आपल्या चित्रपटगीतांत तो शिरला आणि ब्रिजभूषण काबरा यांनी त्यास रागसंगीताच्या बैठकीत मानाने बसविले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेतची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत असेल. ती ऐकणाऱ्यास नॅशव्हिलशी आपले असे काही दूरचे नाते आहे याची कल्पना क्वचितच आली असेल. टेक्ससमधील जर्मन व चेक वसाहतींचा पोल्का व अ‍ॅकॉर्डियन, मेक्सिकन सीमेवरची गाणी, आल्प्स पर्वतातील गवळ्यांची योडल ही स्वर उलटविण्याची गायकी, या सर्वांचे ऋण येथे नुसते नोंदवून पुढे जाऊ. काउबॉय म्हणून ज्याची प्रतिमा जगभर गेली तो स्वारही मेक्सिकन व्हाकेरोचा शिष्य होता, आणि त्या स्वारांत कृष्णवर्णीयांची संख्या चित्रपटांत दिसते त्याहून पुष्कळच मोठी होती.

मग ‘गोऱ्यांचे कंट्री’ आणि ‘काळ्यांचे ब्लूज’ ही वाटणी झाली केव्हा? तिला एक निश्चित काळ आहे आणि एक कचेरीही आहे. १९२० मध्ये ओके या ध्वनिमुद्रण कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची तबकडी काढली. ती अनपेक्षितपणे प्रचंड खपली, तेव्हा कृष्णवर्णीय ग्राहक ही एक बाजारपेठ आहे हा शोध कंपन्यांना लागला. त्यांच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्‌स’ अशी स्वतंत्र मालिका निघाली. या धंद्यात अग्रभागी असलेले राल्फ पीअर जून १९२३ मध्ये अटलांटास गेले असता, एका फर्निचर विक्रेत्याच्या आग्रहावरून त्यांनी फिडलिन जॉन कार्सन या स्थानिक गोऱ्या वादकाचे गाणे मुद्रित केले. ग्रामोफोन हे त्या काळी फर्निचरच्या दुकानात विकले जाणारे कपाट होते, आणि कपाट खपायचे तर त्यावर वाजविण्यास तबकड्या हव्यात, असा हा सरळ व्यवहार होता. पीअर यांना कार्सनचा आवाज मुळीच रुचला नाही. क्रमांकही न घालता पाचशे प्रती काढल्या गेल्या आणि त्या हातोहात संपल्या. कंट्री संगीताच्या धंद्याचा हा प्रारंभ मानला जातो. ते गाणे कोणते होते? १८७१ च्या सुमारास रंगभूमीसाठी रचलेले, एका वृद्ध गुलामाच्या तोंडी घातलेले, त्याच काजळी फासणाऱ्या परंपरेतले! गोऱ्या ग्रामीण संगीताची म्हणून जी पहिली यशस्वी तबकडी सांगितली जाते, तिच्यात गोरा गायक काळ्या माणसाचे सोंग घेऊन उभा आहे.

त्यानंतर दुसरी मालिका निघाली: ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरी गावंढळांची. कोलंबिया कंपनीच्या सूचिपत्रात १४००० पासूनचे क्रमांक कृष्णवर्णीयांच्या मालिकेस, तर १५००० पासूनचे दक्षिणेतील गोऱ्यांच्या जुन्या गाण्यांस दिलेले होते. एक हजार आकड्यांची ही भिंत. वास्तविक त्या गावांत फिडल आणि बँजो घेऊन बसणारी कृष्णवर्णीय पथके पुष्कळ होती. परंतु काळ्याने ब्लूज गावेत आणि गोऱ्याने जुनी गाणी, अशी अपेक्षा ठरून गेल्यामुळे त्यांचे वादन फारसे मुद्रितच झाले नाही. आणि मुद्रित झाले नाही म्हणून ते अस्तित्वातच नव्हते, असे पुढच्या पिढीने गृहीत धरले. नियमाची पायमल्ली करणारी उदाहरणे मधूनमधून दिसतात. १९२७ मध्ये जिम बुकर या कृष्णवर्णीय फिडलवादकाने गोऱ्या साथीदारांबरोबर तबकड्या केल्या. मिसिसिपी शेक्स या कृष्णवर्णीय पथकाचे १९३० मधील लोकप्रिय गीत टेक्ससच्या बॉब विल्स यांनी १९३५ मध्ये आपल्या पद्धतीने गायिले. गाणे एकच, मालिका दोन. (त्या तबकड्यांची लाख मुख्यतः आपल्या देशातील जंगलांतून जात होती, आणि व्हिक्टर कंपनीच्या तबकडीवर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा आपल्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’वरचाच होता, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही. कुत्र्याला वर्णभेद ठाऊक नसावा.) १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ने आपल्या याद्यांची नावे अधिक सभ्य केली. ‘रेस’चे ‘रिदम अँड ब्लूज’ झाले आणि दुसऱ्या यादीचे ‘कंट्री अँड वेस्टर्न’. नावे बदलली, भिंत राहिली. २०१९ मध्ये एका तरुणास जिच्या पलीकडे ढकलण्यात आले ती हीच भिंत होती. श्रोत्यांच्या कानांनी ती घातलेली नव्हती, विक्री खात्याने घातली होती.

कलावंतांचा व्यवहार मात्र निराळा होता. व्हिक्टर कंपनीच्या वतीने याच पीअर यांनी जुलै-ऑगस्ट १९२७ मध्ये टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरील ब्रिस्टल गावात जे मुद्रण केले, त्यातून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स ही कंट्रीची दोन आद्य दैवते प्रकट झाली. रॉजर्स हे मिसिसिपीतील रेल्वे कामगार. रुळांवर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना पाणी देता देता ते त्यांची गाणी शिकले, आणि त्यांच्या ब्लूजला त्यांनी आल्प्समधील योडलचा पीळ दिला. १६ जुलै १९३० रोजी त्यांनी ‘ब्लू योडल’ मालिकेतील नववे गीत मुद्रित केले, तेव्हा साथीला ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर त्यांच्या पत्नी लिल होत्या. तबकडीवर या दोघांचे नाव छापण्यात आले नाही. १९३३ मध्ये क्षयाने रॉजर्स वारले, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. पुढे ऑक्टोबर १९७० मध्ये जॉनी कॅश यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात वृद्ध आर्मस्ट्राँग आले आणि त्यांनी तेच गीत कॅशबरोबर सादर केले. आपण कोणाबरोबर ते वाजविले होते हे चाळीस वर्षांनंतर लोकांसमक्ष सांगण्याची संधी त्यांना मिळाली. पुढच्याच वर्षी तेही गेले. रॉजर्स यांच्या तबकड्या केनियात पोहोचल्या होत्या. तेथील किप्सिगिस लोकांनी या अदृश्य गायकाला अर्धा हरीण कल्पून त्यावर ‘चेमिरोचा’ नावाचे गाणे रचले. ह्यू ट्रेसी यांनी १९५० मध्ये ते मुद्रित केले आहे. आफ्रिकेतून निघालेली वस्तू अशी वळसा घेऊन आफ्रिकेत परतली, आणि कोणी तिला ओळखले नाही.

कार्टर कुटुंबाचे प्रमुख ए. पी. कार्टर गाणी गोळा करीत डोंगरांतून हिंडत. त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. सिमेंट कारखान्यातील अपघातात त्याचा एक पाय गेला होता. कार्टर शब्द उतरून घेत, चाल रिडल डोक्यात साठवून आणी. मेबेल कार्टर यांच्या ज्या गिटारवादनाचा पुढे सर्वांनी कित्ता गिरविला, त्यांनीही रिडलकडून काही शिकून घेतले होते. आता पीअर यांचे अर्थशास्त्र पाहा. त्यांचा नफा गीतांच्या स्वामित्वहक्कात होता. म्हणून त्यांना नोंदणी करण्याजोगी ‘नवी’ गाणी हवी असत. जुन्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या चाली ए. पी. कार्टर यांच्या नावाने नोंदल्या जाऊ लागल्या. रिडलचे नाव त्या कागदांवर आले नाही. दळणारा एक आणि पीठ नेणारा दुसरा, हा प्रकार असा रीतसर, शिक्का-सहीनिशी झाला. कार्टर हे दुष्ट होते असे कोणी म्हणत नाही. रिडल त्यांच्या घरी दिवसेंदिवस राहत असे. १९६० च्या दशकात माइक सीगर यांनी रिडलला शोधून काढले तेव्हा त्याने गिटार केव्हाच बाजूला ठेवलेली होती.

अशीच आणखी दोन नावे सांगितली पाहिजेत. अलाबामात रस्त्यावर गाणारे रूफस पेन, ज्यांना लोक ‘टी टॉट’ म्हणत, त्यांच्या मागे मागे एक किडकिडीत गोरा मुलगा फिरे. तो हँक विल्यम्स. गाण्याचे म्हणून जे काही शिक्षण आपल्याला मिळाले ते पेन यांच्याकडून, असे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. केंटकीतील कोळशाच्या खाणीत काम करणारे अर्नोल्ड शुल्ट्झ यांच्या फिडलला तरुण बिल मन्‍रो यांनी नृत्याच्या रात्री साथ केली, आणि मन्‍रो हे ब्लूग्रास या शैलीचे जनक ठरले. शुल्ट्झ यांची एकही तबकडी नाही.

या साऱ्यांत डीफोर्ड बेली यांची हकिकत मला सर्वांत अस्वस्थ करते, कारण ते पडद्याआड नव्हते, सर्वांसमक्ष होते. नॅशव्हिलमधील एका विमा कंपनीच्या नभोवाणी केंद्रावरून १९२५ पासून दर शनिवारी रात्री ग्रामीण संगीताचा कार्यक्रम होई. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ठेंगणे राहिलेले, माऊथ ऑर्गनवर धावती आगगाडी हुबेहूब उभी करणारे बेली हे त्याचे एक प्रमुख आकर्षण. १० डिसेंबर १९२७ च्या रात्रीची म्हणून गोष्ट सांगतात. आधीचा कार्यक्रम पाश्चात्त्य अभिजात संगीताचा होता. तो संपताच बेली यांनी ‘पॅन अमेरिकन’ या गाडीची धून वाजविली, आणि सूत्रधार म्हणाले की, इतका वेळ आपण ‘ग्रँड ऑपेरा’ ऐकत होता, यापुढे ऐका ‘ग्रँड ओल ऑप्री’. आज जे नाव कंट्री संगीताच्या सर्वोच्च व्यासपीठाचे म्हणून जगभर घेतले जाते, ते असे एका कृष्णवर्णीय वादकाच्या श्वासानंतर उच्चारले गेले. १९२८ मध्ये वर्षातील ५२ पैकी ४९ शनिवारी बेली तेथे वाजवीत होते. इतक्या वेळा दुसरा कोणीही नाही. दौऱ्यावर गेले म्हणजे श्रोते टाळ्या देत, पण उपाहारगृह जेवण देत नसे. एक बुजुर्ग गोरे बँजोवादक, अंकल डेव्ह मेकन, ‘हा माझा नोकर आहे’ असे सांगून त्यांना आपल्या खोलीत झोपावयास नेत, असे सांगतात. माणुसकीलाही खोटे बोलावे लागत होते.

१९४१ मध्ये गीतांच्या हक्कांवरून नभोवाणी केंद्रे आणि रचनाकारांची संस्था यांच्यात तंटा झाला आणि बेली यांच्या नेहमीच्या धूनांवर बंदी आली. त्याच सुमारास त्यांना काढून टाकण्यात आले. चार वर्षांनी सूत्रधारांनी छापलेल्या पुस्तिकेत त्याचे कारण बेली यांचा आळस असे दिले. आळशी माणूस पुढची कैक वर्षे नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवीत राहिला. १९८२ मध्ये बेली वारले. कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात त्यांची प्रतिमा लागली ती २००५ मध्ये.

म्हणूनच ‘संमिश्र’ हा शब्द जपून वापरावा असे वाटते. सर्वांनी मिळून केले, सर्वांचे आहे, असे म्हटले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. चाली एकमेकांत मिसळल्या हे खरे. पण पैसे, नाव आणि जेवणाच्या खोल्या मिसळल्या नाहीत. उलट बाजूने, हे सर्व संगीत आफ्रिकेचे असून गोऱ्यांनी केवळ चोरले, असा जो प्रतिवाद आता ऐकू येतो तोही टिकण्यासारखा नाही. अल्स्टरची कथागीते कोणाकडून चोरलेली नव्हती. आणि कापूसगिरणीत राबणाऱ्या गोऱ्या कुटुंबांचे दुःखही उसने नव्हते. त्यांनाही ‘हिलबिली’ म्हणून हिणविण्यात आलेच होते. शुद्ध कुळाच्या एका दाव्याला शुद्ध कुळाचा दुसरा दावा हे उत्तर होऊ शकत नाही. हिशेब मागायचा तो वाटणीचा. कोणाचे नाव लागले, कोणाचे गाळले गेले, आणि कोणाच्या सहीने?

नंतरच्या काळात दरवाजा अधूनमधून किलकिला झाला. रे चार्ल्स यांनी १९६२ मध्ये कंट्री गीतांचा आपला संग्रह काढला आणि तो अमाप खपला. १९६६ मध्ये चार्ली प्राइड यांची पहिली तबकडी बाजारात आली तेव्हा कंपनीने त्यांचे छायाचित्र मुद्दाम दिले नाही; आवाज आधी रुजू द्यावा, रंग मागाहून कळू द्यावा, असा तो विचार होता. १९७१ मध्ये त्यांना कंट्री क्षेत्रातील वर्षाचा सर्वोत्कृष्ट कलावंत म्हणून गौरविण्यात आले. परंतु एखाददुसऱ्या पाहुण्यास मानाचे पान मांडल्याने घराच्या मालकीचा प्रश्न सुटत नाही.

उत्तर कॅरोलिनातील मेबेन गावी जो थॉम्पसन नावाचे एक वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादक राहत. आयुष्यभर फर्निचरच्या कारखान्यात नोकरी करून त्यांनी वडिलांकडून आलेल्या धून जपल्या होत्या. २००५ मध्ये त्याच राज्यातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तेथे एकत्र आलेली तीन तरुण मंडळी पुढे दर आठवड्यास शहाऐंशी-सत्त्याऐंशी वर्षांच्या थॉम्पसन यांच्या घरी जाऊन शेजारी बसू लागली. ते वाजवीत, ही वाजवीत. शिकविणे म्हणून वेगळे नव्हते. त्या तिघांच्या पथकाच्या संग्रहास २०११ मध्ये ग्रॅमी मिळाली. थॉम्पसन २०१२ मध्ये वारले. त्या तिघांपैकी एक रिॲनन गिडन्स. त्यांचे वडील गोरे आणि आई कृष्णवर्णीय. २०२४ मध्ये बियॉन्से यांचे जे गीत कंट्री यादीत अग्रस्थानी गेले, त्याच्या आरंभी गाण्याआधी बँजो ऐकू येतो. तो गिडन्स यांनी वाजविला आहे. नखाने तार खाली मारायची आणि अंगठ्याने आखूड तार छेडायची, त्याच जुन्या रीतीने.